वाऱ्याचा धडा देणारे जॉर्ज टाउन

चेन्नईला गेलेले पर्यटक मरीना बीच पाहतात, कांजीवरम साड्या खरेदी करतात आणि महाबलीपुरमची वाट धरतात. सेंट्रल स्टेशनजवळचे जॉर्ज टाउन मात्र पाहायचे राहून जाते. घरातल्या मुलामुलींना पवनऊर्जा किंवा सौरऊर्जेचे उच्च शिक्षण घ्यायचे असेल, तर त्यांना या जुन्या पेठेत अवश्य फिरवून आणावे.

सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तरेला वाढलेली ही व्यापाऱ्यांची वस्ती. गोडाउन स्ट्रीटवर कापडाचे गठ्ठे, तर अँडरसन स्ट्रीटवर कागद आणि लग्नपत्रिका. तंबू चेट्टी स्ट्रीटवरील कालिकांबाळ मंदिरापाशी मराठी माणसाची पावले आपोआप थबकतात. १६७७च्या दक्षिण स्वारीत शिवाजी महाराजांनी या देवीचे दर्शन घेतले, असे परंपरा सांगते.

एकेकाळी या पेठेचा सारा व्यापार वाऱ्यावर अवलंबून होता. सुरक्षित बंदर नव्हते. शिडाची जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगर टाकत आणि काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून माल लाटांवरून किनाऱ्याला येई. ऑक्टोबरमध्ये वादळांचे दिवस सुरू होण्याआधीच जहाजे निघून जात. त्या काळाची साक्ष देणारा १८४४चा दीपस्तंभ हायकोर्टाच्या आवारात आजही उभा आहे. १८९४मध्ये दिवा हायकोर्टाच्या घुमटावर गेला आणि १९७७मध्ये मरीनावरच्या नव्या दीपगृहात.

वाऱ्याचे हे पंचांग आजही तेच आहे. नैऋत्य मोसमी वारे पश्चिम घाटाच्या खिंडींतून घुसतात, तेव्हा साधारण मे ते सप्टेंबर तामिळनाडूतील पवनचक्क्या भरपूर वीज देतात. पुढे वारा मंदावतो आणि वीजही घटते. जहाजे अनुकूल वाऱ्यासाठी थांबू शकत होती, इस्पितळातला दिवा कसा थांबणार? म्हणूनच वाऱ्याचा अचूक अंदाज, विजेची साठवण आणि सौरऊर्जेची जोड हे या शास्त्रातले कळीचे विषय झाले आहेत.

त्यांचा अभ्यास करण्याची सोय याच शहरात आहे. दक्षिणेकडील पळ्ळीकरणै येथे १९९८मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था आहे. तिच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण वर्गांना आशिया-आफ्रिकेतील अभियंते येतात. आयआयटी मद्रासमध्येही ऊर्जाविषयक पदव्युत्तर शिक्षण मिळते. सरकारी पवनऊर्जेचे सुरुवातीचे प्रयोग १९८६मध्ये तामिळनाडूतील तुतिकोरिनप्रमाणेच आपल्या रत्नागिरीतही झाले होते. तेव्हा हा विषय आपल्यालाही परका नाही. मुलांना जर्मनी किंवा डेन्मार्कला पाठवण्यासाठी कर्ज काढण्याआधी पालकांनी चेन्नईचीही चौकशी करावी.

जॉर्ज टाउनला जायचे तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मेट्रोने हायकोर्ट किंवा मण्णडी स्थानकावर उतरावे. गल्ल्या अरुंद आहेत, गर्दी फार असते, म्हणून पायीच फिरावे. संध्याकाळी समुद्राकडून वारा येऊ लागला की मुलांना सांगावे, याच वाऱ्याने ही पेठ वसवली आणि उद्याचे दिवेही त्यावर लागणार आहेत. मात्र तो पडला तरी ते विझू नयेत, याची जबाबदारी तुमच्या पिढीची.