सात मिनिटांची वीज

सात मिनिटांत काय काय होतं? आमच्या पहूरच्या स्टँडवर जळगावची एसटी येते, उतरणारे उतरतात, चढणारे चढतात आणि ती निघूनही जाते. आजीच्या दोन-तीन कळण्याच्या भाकरी थापून भाजून होतात. मी मात्र एकदा सात मिनिटांपायी ताईला असं अडचणीत आणलं, की ते आठवलं तरी अजून माझे कान गरम होतात.

गोष्ट 2011 च्या एप्रिलमधली. माझी नववीची परीक्षा संपली होती आणि ताईची शेवटच्या वर्षाची जवळ आली होती. ती जळगावला बीसीए करत होती. पुण्याच्या मामानं नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना ताईला दिला. चांगला जाडजूड, मांडीवर ठेवला की मांडी भाजायची. आमच्या गल्लीतला तो पहिलाच लॅपटॉप. त्यामुळे बघायला येणाऱ्यांना आजी चहासुद्धा द्यायची!

पण तेव्हा आमच्याकडे भारनियमन होतं. वीज कमी, मागणी जास्त, म्हणून भाग पाडून आळीपाळीनं लाइट घालवायची. ज्या भागात वीजगळती आणि थकबाकी जास्त, तिथं तास जास्त. गंमत बघा, भुसावळजवळच्या दीपनगरचं मोठं वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात, आणि आम्ही कंदिलाच्या काचा पुसतोय! ताई रात्री अंगणात बाज टाकून लॅपटॉपवर प्रोजेक्ट करायची. बॅटरी दोन तासही टिकायची नाही. मग ती कपाळावर हात मारून आभाळाकडे बघत बसायची.

तिचं ते तोंड बघून मला वाटलं, आपण काहीतरी केलं पाहिजे.

पेपरच्या एका पुरवणीत मी वाचलं, की लॅपटॉपचा सीडी ड्राइव्ह बंद करून ठेवला तर बॅटरी जास्त टिकते. बरं, या ड्राइव्हमध्ये असतं काय? चकती फिरवणारी एक छोटी मोटर, एक लेसर किरण, आणि तो किरण मागे-पुढे सरकवणारी दुसरी मोटर. चकती मिनिटाला हजारो फेरे घेते. एवढं सगळं हलवायचं तर वीज लागणारच. पण चकती आत नसली तरी ड्राइव्ह पुरता झोपत नाही. कॉम्प्युटर त्याला थोड्या थोड्या वेळानं हटकत राहतो, "काय रे, कुणी चकती टाकली का? टाकली का?" हे हटकणं थांबवलं, की तो निवांत पडतो.

मी माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक केलं, मॅनेज, मग डिव्हाइस मॅनेजर. तिथं ड्राइव्हच्या नावावर जाऊन 'डिसेबल' दाबलं. नावावर लाल फुली आली. झालं!

मग मी वहीत मोजमाप मांडलं. हे मी बरोबर केलं होतं, असं आजही वाटतं. दर वेळी बॅटरी पुरती भरायची, स्क्रीनचा उजेड तोच ठेवायचा, एकच फाइल उघडायची आणि भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघायची. ड्राइव्ह चालू पण रिकामा : 1 तास 50 मिनिटं. आत सिनेमाची चकती फिरत असताना : 1 तास 20 मिनिटं. ड्राइव्ह बंद : 1 तास 57 मिनिटं.

म्हणजे फायदा सात मिनिटांचा! मी खूश. ताईला आत्ताच सांगायचं नाही, तिची परीक्षा झाली की वहीच दाखवायची, असं ठरवलं.

तिच्या प्रोजेक्टच्या दिवशी दुपारी अण्णांचा मोबाइल वाजला. ते जेवत होते, म्हणून मी उचलला. ताई होती. आवाज इतका बारीक, की आधी ओळखलाच नाही.

"लॅपटॉपला हात लावला होता का रे तू?"

झालं होतं असं. लॅबमधली लाइट गेलेली, म्हणून लॅपटॉपवाल्यांना आधी बोलावलं. परीक्षक म्हणाले, जमा केलेल्या सीडीवरूनच दाखवा. ताईनं सीडी घातली. आत चकती फिरतेय, बारका दिवा लुकलुकतोय, पण माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हच नाही! तीन वेळा काढली, तीन वेळा घातली. मागच्या बाकावरचे हसले. परीक्षक म्हणाले, "पुढचा."

मी म्हटलं, "ताई, मी बंद केलाय तो." पलीकडे काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "सांग आता, कुठं जायचं." मी एकेक पायरी सांगत गेलो. लाल फुली गेल्याचं तिनं सांगितलं आणि फोन ठेवला. अण्णांनी विचारलं, "काबरं, काय झालं?" माझ्या घशातून शब्द फुटेना.

संध्याकाळी मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. अजिंठ्याहून परतणाऱ्या गाड्या धूळ उडवत जात होत्या. ताई काळी-पिवळीतून उतरली. तिचा नंबर सगळ्यात शेवटी लागला होता. प्रोजेक्ट चालला, पण तोवर परीक्षकांना घाई झाली होती. दोन प्रश्न विचारले आणि संपवलं. तीन महिन्यांच्या कामावर दोन प्रश्न!

निम्म्या वाटेत तिनं विचारलं, "किती वाचले?"

"सात मिनिटं."

"सात मिनिटांसाठी?"

मी मान खाली घातली. घरी आल्यावर तिनं माझी वही मागून घेतली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "रिकाम्या ड्राइव्हला काय धरून बसलास? चकती फिरली की अर्धा तास जातोय, ते दिसत नाही का? लाइट असताना सीडी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची, म्हणजे चकती फिरवायलाच नको. आणि उद्या स्क्रीनचा उजेड निम्मा करून मोज."

मोजलं. 2 तास 20 मिनिटं! स्क्रीनमागचा दिवाच खरा खादाड निघाला. आणि 'डिसेबल' करून ड्राइव्हची वीज पुरती तुटत नाही, हेही तेव्हाच कळलं. नाहीतर कॉलेजात तो दिवा लुकलुकला कसा असता? ड्राइव्ह बाहेरच काढला, तर वीज नक्की तुटते. काही लॅपटॉपमध्ये तो एका स्क्रूवर निघतो.

आता नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा हा ड्राइव्ह नसतोच. मामाचा तो लॅपटॉप मात्र आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून अजून कपाटात आहे. झाकणावर ताईनं त्या रात्री चिकटवलेला कागद पिवळा पडलाय. त्यावर तिच्या अक्षरात दोन रकाने आखलेत : 'काय बदललं' आणि 'कुणाला सांगितलं'. पहिली ओळ माझ्या अक्षरात आहे. दुसऱ्या रकान्यात मी 'ताईला' लिहिलं होतं. तिनं ते खोडून पुढं लिहिलंय, 'फोनवर, उशिरा.'