पत्र्यातली रेघ

माझे दूल्हाभाई तीस वर्षं भोसरीत डेंटिंगचं काम करतायत. आपटलेल्या गाडीचा पत्रा ठोकून वर काढायचा, पुटी भरायची, पेपर मारायचा आणि डोळ्यांआधी तळहाताने तपासायचं. रंग झाला की गाडी ट्यूबलाइटखाली घ्यायची आणि पत्र्यात पडलेली ट्यूबची रेघ बघायची. रेघ सलग सरकली तर काम पक्कं. मध्येच वाकली तर पत्रा अजून दबलेला आहे, मग तो केसाएवढा का असेना.

त्यांचा मुलगा चाकणला एका छोट्या फर्ममध्ये कॉम्प्युटरवर गाडीच्या भागांची त्रिमितीय मॉडेलं करतो. त्याने गॅरेज सांभाळावं अशी बापाची इच्छा होती. दीड वर्षं दोघांत सलामापलीकडे बोलणं नव्हतं. आपा मध्ये पडून थकली. त्यात पोरगा प्रोबेशनवर, आणि एका दरवाज्याचं मॉडेल साहेबाने दोनदा परत पाठवलेलं. मी पडलो भाषेचा मास्तर. पण "मामू, नुसते बघा तरी," म्हणाला म्हणून एका रविवारी त्याच्याजवळ बसलो.

पडद्यावरचा वक्र पत्रा म्हणजे बारीक सपाट त्रिकोणांची जाळी असते. मूळ दरवाज्यात आठ लाख त्रिकोण होते. कामगारांच्या ट्रेनिंगसाठी तो मोबाइलवर फिरवून दाखवायचा, तर वीस हजारांत बसवायला हवा. त्यासाठी जाळीतली एक कड मिटवायची, तिच्या दोन टोकांचा एक बिंदू करायचा, आणि हेच हजारो वेळा करायचं. आधी कुठली कड मिटवावी, याचा एक नामी हिशेब मायकल गार्लंड आणि पॉल हेकबर्ट यांनी १९९७ मध्ये मांडला. प्रत्येक बिंदूजवळ त्याच्याभोवतीच्या त्रिकोणांच्या पातळ्यांची नोंद असते. नवा बिंदू त्या पातळ्यांपासून किती लांब जातो, त्या अंतरांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि जिथे नुकसान सर्वांत कमी, ती कड आधी मिटवायची.

भाच्याने हेच केलं होतं. मापं बरोबर होती. तरी दरवाजा कुठेतरी आजारी दिसत होता आणि त्याला बोट ठेवता येत नव्हतं.

दूल्हाभाई असरची नमाज पढून आले, पाणी प्यायला थांबले आणि आमच्या मागे उभे राहिले. भाचा मॉडेल फिरवत होता. "इधर दबेला है," ते हँडलच्या खाली बोट नेत म्हणाले. "और ये लाइन तो मर गई." लाइन म्हणजे दरवाज्यावरून आडवी जाणारी धारदार घडी.

पोरगा आधी चिडला. मापं दाखवू लागला. बाप म्हणाला, माप मी विचारलंच नाही, उजेड बघ.

आणि गोम तिथेच होती. सपाट त्रिकोण गुळगुळीत दिसतात ते एका युक्तीमुळे. प्रत्येक कोपऱ्यावर एक अभिलंब, म्हणजे पत्र्यावर काटकोनात उभी असलेली काल्पनिक काडी, ठेवतात. आंरी गुरो यांनी १९७१ मध्ये कोपऱ्यांवरचा उजेड काढून मधल्या जागेत तो हळूहळू मिसळत नेला. बुइ तुओंग फोंग यांनी १९७३ च्या प्रबंधात उजेडाऐवजी काडीची दिशाच मिसळली आणि प्रत्येक ठिपक्यावर उजेड नव्याने काढला, त्यामुळे चकाकी जिथे हवी तिथे पडू लागली. दोघेही अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले. तिथेच १९७२ मध्ये आयव्हन सदरलँड यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या पत्नीच्या फोक्सवॅगन बीटलवर रेघा आखून, बिंदू बिंदू मोजून ती कॉम्प्युटरमध्ये उतरवली होती. आज फोक्सवॅगनचा कारखाना आमच्या चाकणमध्ये आहे, हे ऐकून भाचा पहिल्यांदा हसला.

उजेड अंतर ओळखत नाही, दिशा ओळखतो. बिंदू केसभर हलला तर कुणाला कळत नाही. काडी थोडी कलली की चकाकीची रेघ वाकते. मी त्याला आमच्या उर्दूतलं सांगितलं: वरचा नुक्ता खाली गेला की खुदाचा जुदा होतो. शाई तेवढीच लागते.

त्रिकोण कमी झाल्यावर सॉफ्टवेअरने उरलेल्या त्रिकोणांवरून काड्या नव्याने काढल्या होत्या. हँडलखाली लांबट, निमुळते त्रिकोण उरले होते, त्यांनी सरासरी एका बाजूला ओढली. म्हणून तिथे पत्रा दबलेला दिसत होता. घडीवर उलटा प्रकार झाला: दोन्ही बाजूंच्या काड्यांची सरासरी निघाली आणि धार बोथट झाली.

उपाय करताना रात्र झाली. नव्या जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यासाठी जुन्या दरवाज्यावरची सर्वांत जवळची जागा शोधायची आणि तिथली काडी उचलून आणायची. ब्लेंडरमध्ये त्यासाठी डेटा ट्रान्सफर नावाची सोय आहे. घडीवरच्या कडा मिटवायच्याच नाहीत आणि तिथल्या प्रत्येक बिंदूवर दोन काड्या ठेवायच्या, एकेका बाजूची एक. दरवाज्याच्या बाहेरच्या कडेला मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे त्रिकोण कमी पडले की उजेड कितीही नीट असो, कोपरे दिसतातच. म्हणून भाच्याने मधल्या भागातले आणखी काही त्रिकोण काढून तिकडे दिले.

"ट्यूब लगा," दूल्हाभाई म्हणाले. भाच्याने मॉडेलवर पांढऱ्या पट्ट्यांचा उजेड टाकला. बापाने माउस स्वतःच्या हातात घेतला. पट्ट्या हँडलखालून सलग सरकल्या, घडीवर टचकन तुटल्या, जशा तुटायला हव्यात.

तिसऱ्या वेळी साहेबाने फाइल ठेवून घेतली. पुढच्या रविवारी मी गेलो तर लॅपटॉप गॅरेजात पुटीच्या डब्यावर होता. पडद्यावर बॉनेट होतं, आणि दूल्हाभाई पोराला सुनावत होते.