रुपयाभार

केळशीच्या आमच्या घरात कॉफी कधी मोजली गेली नाही. एकादशीला आई कॉफी करीत: दूध, साखर आणि वर परसातल्या जायफळाची पूड. एकदा आम्ही दोघे वही घेऊन चुलीपाशी बसलो व प्रमाण विचारले. आईंनी तळहात पुढे करून त्यावरची पूड दाखवली. "एवढी." आणि पाणी? "अरे, कपाला कप. वर्गात शिकवता ना तुम्ही?" वहीत आम्ही तेच लिहून घेतले आहे: 'एवढी'.

आई जाऊन आता तीन वर्षे झाली. गेल्या मे महिन्यात घर उघडायला गेलो तेव्हा सोबत पुण्याहून फ्रेंच प्रेस नेला होता. या भांड्याचे इटालियन एकस्व १९२९ सालचे. कृती मात्र आपल्या काढ्याइतकी साधी. जाड रव्यासारखी भरड पूड, उकळी बसलेले पाणी, चार मिनिटे, मग जाळी सावकाश खाली दाबायची. चुकते ते प्रमाणात. आम्ही एकास पंधरा धरतो. ३५० मिलिलिटर पाण्याला साधारण २३ ग्रॅम कॉफी. पूड स्वतःच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून हाती दोन लहान कप येतात. हे चमच्याने साधत नाही. गडद भाजलेली बी फुगून हलकी होते आणि त्याच चमच्यात वजनाने कमी मावते. म्हणून आम्ही वजनाचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटाही नेला होता. त्याचा सेल संपलेला निघाला, आणि त्या मापाचा सेल गावात मिळाला नाही.

पाण्याचे जमले. शेजारून दुधाचे १०० मिलिलिटरचे माप आणले. तीन मापे आणि एक अर्धे. (अर्धे म्हणजे पुन्हा अंदाजच, पण तो क्षम्य.) कॉफीचे अडले. माळ्यावर आजोबांच्या वैद्यकीतला पितळी तराजू सापडला, वजने नाहीशी झालेली. चिपटे-मापटे होते, पण ते भाताला.

तेव्हा देव्हाऱ्यातल्या चांदीच्या रुपयांकडे लक्ष गेले. 'रुपयाभार' हा शब्द आम्ही वर्गात इतकी वर्षे समजावून सांगत आलो: राणीछाप रुपया म्हणजे १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. (सराफाच्या आजच्या बोलण्यातला दहा ग्रॅमचा तोळा तो नव्हे.) त्याने काही तोलता येते हे मात्र कधी मनात आले नव्हते. दोन रुपये म्हणजे २३.३२ ग्रॅम. ३५० भागिले १५ म्हणजे २३.३३. आम्ही कागदावर हिशेब पुन्हा केला, मग थोडे ओशाळून देवाला नमस्कार करून दोन नाणी उचलली. एका पारड्यात राणी, दुसऱ्यात कॉफी.

कॉफी उत्तम झाली. दुसऱ्या दिवशीही तशीच झाली, तिसऱ्याही. आईंची कॉफी दोन दिवस सारखी होत नसे आणि त्याबद्दल घरात कोणी तक्रार केल्याचे आठवत नाही. ती आम्हांला आजवर जमलेली नाही. तळहातावर पूड घेऊन पाहिली, पण 'एवढी' कोणाच्या तळहातावरची, हा प्रश्न राहतोच.

दिवाळीत नवा सेल घालून काटा पुन्हा नेला. लक्ष्मीपूजनाआधी नाणी घासण्याचे काम आता आमच्याकडे आहे. आई ती चिंचेने घासत, मग राखेने, राणीचा चेहरा पुसट होईपर्यंत. त्यांच्या आधी आजी घाशीत. पूजेला मांडण्यापूर्वी ती दोन नाणी काट्यावर ठेवली. २२.८ ग्रॅम भरली.

अर्धा ग्रॅम कमी. पुण्यालाही आम्ही आता कॉफी २२.८ ग्रॅमच घेतो.