वेढा उठला तेव्हा

बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता. शहरातले धान्य सरत चालले होते. अशा वेळी यहूदाचा राजा सिद्कीया आणि शहरातले धनिक मंदिरात जमले आणि त्यांनी एक करार केला: कर्जापायी घरोघरी राबणारे आपल्याच रक्ताचे दास-दासी मोकळे करायचे. वासरू मधोमध चिरून त्याच्या दोन भागांमधून चालत जाऊन त्यांनी शपथ घेतली. दास सुटले. मग मिसरचे सैन्य येत असल्याची बातमी आली, बाबेलचे लष्कर वेढा उठवून तिकडे वळले आणि शहराच्या जिवात जीव आला. लगेच धनिकांनी सोडलेली माणसे पुन्हा धरून आणली आणि कामाला जुंपली.

यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात, चौतिसाव्या अध्यायात, ही हकीकत आहे. इ.स.पू. ५८८-५८७ चा तो काळ. धर्म, भविष्यवाणी आणि राज्यांचा नाश यांविषयी विचार करू लागले की मला आधी हाच प्रसंग आठवतो. दासांची मोकळीक हिरावणाऱ्यांवर आता तलवार, दुष्काळ आणि मरी मोकळी सुटतील, असे यिर्मयाने बजावले. वेढा पुन्हा पडला. पुढच्या दीड-दोन वर्षांत तट फुटला, मंदिर जळाले, सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याची मुले मारली गेली आणि मग त्याचे डोळे काढून त्याला बेड्या घालून बाबेलला नेले.

या माणसाची वाणी कशातून उगवली हे मला महत्त्वाचे वाटते. ती ग्रहांतून आली नाही की पक्ष्यांच्या उडण्यातून आली नाही. दावणीला पुन्हा बांधलेल्या माणसाकडे पाहून ती आली.

यरुशलेमच्या लोकांना आपले शहर पडणार नाही असे वाटत होते, आणि त्याला कारण होते. उत्तरेचे भाऊबंद राज्य इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने पुसून टाकले. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाची नगरे घेत यरुशलेमच्या वेशीपर्यंत आला. त्याने जबर खंडणी घेतली, पण शहर त्याच्या हाती लागले नाही. या सुटकेचा पुढच्या पिढ्यांनी एक सिद्धांत केला. देवाचे घर इथे आहे, तेव्हा देव आपले घर पडू देणार नाही. शंभर वर्षांत हा सिद्धांत इतका मुरला, की मंदिराचे नाव घेणे हीच तटबंदी झाली. यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, की परक्याला, पोरक्याला, विधवेला छळून तुम्ही इथे आसरा घेता. शिलो इथेही एकेकाळी देवाचे ठाणे होते, जाऊन पाहा तिथे काय उरले आहे.

लोकांनी त्याला तिथेच धरले. पुजाऱ्यांनी देहांताची मागणी केली. तो वाचला तो एका जुन्या आठवणीमुळे. काही वृद्धांनी सांगितले, की शंभर वर्षांपूर्वी मोरेशेथ गावच्या मीखानेही या शहराची शेतासारखी नांगरट होईल असे म्हटले होते आणि हिज्कीया राजाने त्याला मारले नव्हते. मला हे वृद्ध फार मोलाचे वाटतात. त्यांची नावेही ग्रंथात नाहीत. आपल्या नाशाची भाषा बोलणारा माणूस पूर्वीही होऊन गेला आणि तो आपलाच होता, एवढे त्यांनी लक्षात ठेवले होते. उरीया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याच्या वाट्याला असे कोणी आले नाही. तो मिसरला पळाला. यहोयाकीम राजाने माणसे पाठवून त्याला आणवले आणि तलवारीने मारले.

त्याच काळात भविष्य जाणण्याचे सर्वांत मोठे शास्त्र तैग्रीस आणि युफ्रेटिस नद्यांच्या काठी उभे होते. एनूमा अनू एनलिल या शकुनग्रंथाच्या सुमारे सत्तर मातीच्या पाट्या होत्या: चंद्राला खळे पडले तर काय, ग्रहण कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूने लागले तर कोणत्या देशावर संकट. बळीच्या मेंढराच्या यकृतावरच्या खुणा वाचायला शिकवण्यासाठी मातीची यकृते केली जात. अश्शूरचा राजा एसरहद्दोन याच्या पंडितांनी त्याला लिहिलेली पत्रे सापडली आहेत. ग्रहणात राजाचा मृत्यू दिसला, की एखाद्या सामान्य माणसाला राजवस्त्रे घालून सिंहासनावर बसवत. अपशकुन त्याने अंगावर घ्यायचा, मुदत संपली की त्याला मारायचे, आणि खऱ्या राजाने परत गादीवर यायचे.

या विद्येला मी तुच्छ लेखत नाही. बाबेलच्या निरीक्षकांनी शतकानुशतके आकाशाची रोजनिशी ठेवली, सोबत जवाचा भाव आणि नदीची पातळीही लिहिली; त्यातून ग्रहांची गती मोजणारे खरे गणित तयार झाले. आपल्या पंचांगातल्या बारा राशींचे मूळही तिथलेच. ग्रीकांच्या हातून त्या आपल्याकडे आल्या. पण इतकी बुद्धी आणि इतका धीर खर्च झाला तो मुख्यतः राजाचे काय होईल हे कळण्यासाठी. सिंहासनावर बसवून मारलेल्या त्या माणसाचे काय, असा प्रश्न त्या पाट्यांमध्ये कोणी विचारलेला दिसत नाही. यिर्मयाचे सगळे विचारणे त्याच माणसापासून सुरू होते. आकाशातल्या चिन्हांना घाबरू नका, असे त्याने आपल्या लोकांना स्पष्ट सांगितले होते.

आता अवघड भाग. देवाच्या नावाने बोलणारा यरुशलेममध्ये एकटा यिर्मया नव्हता. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने शहर एकदा घेतले होते. तरुण राजा यहोयाखीन, कारागीर, सरदार यांना त्याने बाबेलला नेले होते. त्यानंतर यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरू लागला, बाबेलच्या सत्तेखाली मान वाकवा, नाहीतर मराल, असे सांगत. गिबोनचा हनन्या मंदिरात सगळ्यांसमोर म्हणाला, की दोन वर्षांत सगळे परत येईल: राजा, माणसे, मंदिराची भांडी. त्याने यिर्मयाच्या मानेवरचे जू काढून मोडून टाकले. ऐकणाऱ्यांनी खरे कोणाचे मानायचे? दोघांचा देव एक, दोघांची भाषा एक. हनन्या शत्रूला विकला गेलेला होता असेही नाही. देशावर त्याचे प्रेम असणार.

यिर्मयाने त्या वेळी जे केले ते मी पुन्हा पुन्हा वाचते. तो आधी म्हणाला, तुझे खरे होवो. मग तो निघून गेला. लाकडी जू मोडलेस, आता त्याजागी लोखंडी येईल, हे सांगायला तो नंतर परत आला. आपले भाकीत खोटे ठरावे असे ज्याला मनापासून वाटते, तोच नाशाविषयी बोलायला लायक आहे, असे मला यावरून वाटू लागले. योना संदेष्ट्याच्या गोष्टीत उलटे घडते. निनवे चाळीस दिवसांत पालथी होईल असे सांगून तो शहराबाहेर मांडव घालून बघत बसतो. निनवेचे लोक पश्चात्ताप करतात, शहर वाचते, आणि योना रुसतो. शहर वाचल्याचे दुःख होणारा संदेष्टा देवाच्या कामाचा नाही, हे त्या छोट्या पुस्तकाने सांगून टाकले आहे.

यिर्मयाचेही सगळे खरे झाले नाही. बाबेल उजाड होईल, कोल्ह्यांची वस्ती होईल, असे त्याच्या ग्रंथात शेवटी आहे. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणचा कुरुश बाबेलमध्ये शिरला तेव्हा शहर जळाले नाही. ते पुढे कित्येक शतके नांदत राहिले. बाबेलच्या सत्तेला सत्तर वर्षांची मुदत त्याने सांगितली होती; ती कुठून कुठे मोजायची यावर दानीएलाच्या पुस्तकापासून आजपर्यंत माणसे आकडेमोड करीत आली आहेत. वर्षांचे आठवडे करायचे, आठवड्यांची युगे करायची, आणि जगाचा अंत आपल्या हयातीत आणून बसवायचा. या आकडेमोडीत किती भाविक लोकांचे आयुष्य गेले असेल! दासांना पुन्हा का धरले, हा प्रश्न मात्र त्या गणितात कुठेही येत नाही.

मग पाप केले म्हणून यरुशलेम पडले का? इतिहासाचे उत्तर साधे आहे. मिसर आणि बाबेल यांच्या वाटेवरचे ते चिमुकले राज्य होते. मिसरच्या भरवशावर त्याने खंडणी थांबवली आणि चिरडले गेले. न्यायाने वागले असते तरी कदाचित चिरडले गेले असते. लाखीश गडाच्या वेशीत १९३५ मध्ये शाईने लिहिलेली खापरे सापडली, त्या शेवटच्या दिवसांतलीच मानतात. त्यांत एक अधिकारी कळवतो, की लाखीशच्या इशाऱ्याच्या ज्वाळांवर आम्ही नजर ठेवून आहोत, अजेका गड दिसत नाही. दुसऱ्या एका खापरावर तक्रार आहे, की सरदारांच्या बोलण्याने लोकांचे हात गळतात. यिर्मयावर सरदारांनी ठेवलेला आरोप शब्दशः हाच होता. त्यावरून त्याला चिखलाच्या हौदात दोरांनी सोडले होते. कूश देशाचा एबद-मलेख, राजवाड्यातला चाकर, जुनी चिरगुटे घेऊन आला, दोर काचू नये म्हणून ती काखेत धरायला सांगितली आणि तीस माणसांकडून त्याला वर ओढून काढले. ज्वाळांवर नजर ठेवणारा तो अधिकारी आणि हौदातला हा माणूस, दोघेही मला आपापल्या जागी खरे वाटतात.

जो पडला तो पापी, असे एकदा मानले की हरलेल्या प्रत्येक माणसाला दोषी ठरवायची सोय होते. भूकंप झाला, साथ आली, की असे बोलणारे धर्मपुरुष सगळीकडे उगवतात. यिर्मयाच्या ग्रंथातच याला उत्तर आहे, आणि ते त्याच्या विरोधकांच्या तोंडी आहे. नाशानंतर उरलेले लोक त्याला ओढत मिसरला घेऊन गेले. तिथे बायकांनी त्याला तोंडावर सांगितले, की स्वर्गाच्या राणीला आम्ही नैवेद्य दाखवत होतो तेव्हा पोटभर भाकरी होती. तुमचे ऐकून ते थांबवले आणि तेव्हापासून हे हाल. घटना तीच, आणि कारण नेमके उलटे. त्या बायका चूक आहेत असे इतिहासाच्या आधारे सिद्ध करता येत नाही. यिर्मया बरोबर आहे असेही करता येत नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की त्याच्या वाणीचा खरेपणा शहराच्या पडण्यावर टेकवूच नये. यहोयाकीमाने मजुरी न देता माणसे राबवून देवदाराच्या तक्तपोशीचा महाल बांधला, तो अन्याय होता. शहर आणखी हजार वर्षे टिकले असते तरी अन्यायच राहिला असता. याच यहोयाकीमाने हिवाळ्यात शेगडीपुढे बसून यिर्मयाची गुंडाळी वाचून घेतली आणि तीन-चार स्तंभ वाचून होताच तेवढा तुकडा कापून निखाऱ्यांवर टाकला. यिर्मयाने बारूख लेखकाला बसवून सगळे पुन्हा सांगितले, वर आणखी भर घातली. राज्य गेल्यावर त्या समाजाने राजांच्या प्रशस्त्यांऐवजी ही गुंडाळी जपली. आपल्याला सर्वांत कठोर बोललेला माणूस, त्याला हौदात टाकणारे आपणच, त्याला उलट बोलणाऱ्या आपल्या बायका, सगळे त्यांनी एका ग्रंथात ठेवले. मला माहीत असलेल्या प्राचीन वाङ्मयात इतका मोठा आत्मपरीक्षणाचा दस्तऐवज दुसरा नाही.

आणि त्याने नुसता नाश सांगितला नाही. शहराला वेढा असताना, स्वतः कैदेत असताना, त्याने चुलतभावाकडून अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतले आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितले. बाबेलला नेलेल्या लोकांना त्याने पत्र धाडले: घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा, ज्या शहरात नेले आहे त्या शहराचे भले चिंता. शत्रूच्या राजधानीचे भले! हनन्याच्या दोन वर्षांपेक्षा हे ऐकायला किती जड गेले असेल.

लोकांनी ते ऐकले. यहूदाच्या नावाच्या एका गावातल्या आणि आसपासच्या निर्वासितांचे करार, कर्जे, जव-खजुराचे हिशेब मातीच्या पाट्यांवर मिळाले आहेत; सर्वांत जुनी पाटी इ.स.पू. ५७२ ची. कुरुशाने परत जायची मुभा दिली तेव्हाही पुष्कळजण तिथेच राहिले. बाबेली तालमूद हा यहुद्यांचा धर्मग्रंथ त्याच भूमीत रचला गेला. १९५०-५१ मध्ये लाखाहून अधिक यहुदी इराक सोडून गेले, तोवर ही वस्ती अडीच हजार वर्षे टिकली होती.

तिच्यातलाच डेव्हिड ससून बगदादमधला छळ टाळून १८३० च्या दशकात मुंबईला आला. पुण्याच्या कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ, त्याने बांधायला घेतले. १८६४ मध्ये तो पुण्यातच वारला आणि त्याच आवारात त्याची कबर आहे. त्याच्या देणगीचे ससून रुग्णालय १८६७ पासून गोरगरिबांच्या उपयोगी पडते आहे. राहत्या शहराचे भले चिंतावे ही त्या जुन्या पत्रातली आज्ञा पुण्यात अशी पोचली. या घराण्याचा पैसा कापसाच्या व्यापारातून आला तसा चीनला जाणाऱ्या अफूतूनही आला, आणि यिर्मया असता तर त्याने रुग्णालयाच्या दारात उभे राहून त्याचाही हिशेब मागितला असता.