पेडर रोडचा चढ

जानेवारीतला रविवार, पहाटेचा काळोख, माहीम. मुंबई मॅरेथॉनची हाफ म्हणजे २१.०९७ किलोमीटर! धावणार होतो आम्ही दोघं. ल्युकेमियानं त्याला नेलं, म्हणून यंदा मी एकटाच. टी-शर्टवर पाठीमागे त्याचं नाव. कॅन्सरच्या पेशंटसाठी अख्ख्या ऑफिसकडून पैसे गोळा केलेले, त्यामुळे माघार नाही.

सी-लिंकवर वारा मस्त, हाजी अलीपर्यंत सगळं झकास. पेडर रोडचा चढ लागला आणि पाय म्हणाले, बास! फुटपाथवरच्या एका आजींनी हातात संत्र्याची फोड ठेवली. पुढे निघालो तर मागून त्याच्याच नावानं हाक, ‘‘थांबू नकोस रे बाळा!’’

वर्षभरात ते नाव कुणी मोठ्यानं घेतलंच नव्हतं.

मरीन ड्राइव्ह कधी आला, कळलं नाही. तुम्ही धावणार असाल, तर पेडर रोडसाठी थोडा दम राखून ठेवा.