कामूचा क्षय आणि ओरानचा प्लेग

आल्बेर कामूच्या ‘ला पेस्त’ (१९४७) या कादंबरीत अल्जीरियातल्या ओरान शहरात प्लेग येतो. लेखकाच्या अंगात मुरलेला होता तो मात्र क्षय. १९३० साली, सतराव्या वर्षी, कामूला त्याने गाठले. फुटबॉल सुटला, पुढे वैद्यकीय तपासणीमुळे सरकारी प्राध्यापकीची वाटही बंद झाली. १९४२ मध्ये दुखणे उलटले, तेव्हा तो हवापालटासाठी फ्रान्समधल्या डोंगराळ भागात गेला. नोव्हेंबरात दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरले, जर्मनांनी दक्षिण फ्रान्स व्यापला आणि ओरानला परतलेल्या पत्नीपासून तो तुटला. तिची भेट झाली ती थेट १९४४ मध्ये.

त्यामुळे कादंबरीत मृत्यूइतकीच जागा ताटातुटीला आहे. डॉक्टर रियूची आजारी पत्नी साथीच्या तोंडावर सॅनेटोरियमला जाते. नवरा गावाचे गळू फोडत राहतो आणि ती तिकडेच मरते. शहरात अडकलेला पत्रकार रांबेर पॅरिसच्या प्रेयसीकडे पळू पाहतो. रियू त्याला अडवत नाही, सुखाची ओढ त्याला दोषास्पद वाटत नाही. ऐनवेळी रांबेर थांबतो तो स्वतःच्या मनाने. सक्तीचा त्याग कामूला मान्य नसावा.

साथ म्हणजे देवाची शिक्षा, असे पाद्री पान्लू पहिल्या प्रवचनात ठणकावतो. न्यायाधीश ओतोंचा लहान मुलगा तडफडून मरताना पाहिल्यावर त्याचा तो आवाज उरत नाही. नायक हवाच असेल तर निवेदक पुढे करतो ग्रां या पालिकेच्या किरकोळ कारकुनाला. दिवसभराच्या नोकरीनंतर तो साथीशी झुंजणाऱ्या स्वयंसेवक पथकांच्या नोंदी ठेवतो आणि उरलेल्या वेळात आपल्या कादंबरीचे पहिलेच वाक्य घासत बसतो. शौर्याला इतके साधे रूप क्वचितच मिळाले असेल. साथीत काळा बाजार करून सुखावणारा कोतारही आहे. त्याच्यावर निवेदक फार आगपाखड करत नाही.

नाझी राजवटीचे रूपक म्हणून ही कादंबरी वाचली गेली. फ्रेंच समीक्षक रोलां बार्तने १९५५ मध्ये त्यावरच आक्षेप घेतला: जंतूशी लढताना माणसांविरुद्ध उभे राहण्याचा पेच येत नाही. दुसरी उणीव अधिक बोचते. रांबेर ओरानला आलेला असतो तो अरबांच्या राहणीची पाहणी करायला. तो विषय सुरुवातीलाच गळतो आणि पुढे शेकड्यांनी माणसे मरतात, तरी त्यांत नावाचा एकही अरब नाही. कामू स्वतः अल्जीरियात जन्मलेला आणि तिथल्याच गरीब वस्तीत वाढलेला होता.