चिमूटभर लाल

माझी बहुतेक नोकरी डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगांच्या कारखान्यात गेली. संध्याकाळी घरी यायचो तेव्हा नखांच्या कडा कधी पिवळ्या, कधी किरमिजी. रंगांशी डोंबिवलीकरांचं तसं वाकडंच. 2014 च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला, 2020 च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. त्यामुळे मुलगा-सून लोकल पकडायला गेले की मी वाट्या मांडून नातीसाठी रंग कालवायला बसतो, तेव्हा ही आतून विचारतेच, "अहो, तोंडात घातला तर?"

घालणारच. दोन-अडीच वर्षांच्या पोरांना जग आधी जिभेवर घेऊन बघायचं असतं. म्हणून तर खायचा रंग. पण पुडीत बांधून मिळतो तो सुटा रंग नाही. डबीवर चौदा आकडी परवाना क्रमांक हवा आणि घटकांत 102, 110, 122, 133 असे आकडे. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, ब्रिलियंट ब्लू ही माझ्या ओळखीतलीच मंडळी. आपल्याकडे खाण्यात चालणारे कृत्रिम रंग आठच, तेही ठरावीक पदार्थांत आणि बहुतेक ठिकाणी किलोमागे 100 मिलिग्रॅमपर्यंत. तेव्हा खायचा रंग म्हणजे खाऊ नव्हे. बोट चाटलं तर धावपळ करायची नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो. रंगही टाचणीच्या टोकावर राहील इतकाच. वाटीभर पाण्याला तेवढा पुरतो.

रंगीत तांदूळ तिचे सगळ्यात लाडके. डब्यात तांदूळ, चमचाभर पाण्यात कालवलेला रंग, थोडं व्हिनेगर; झाकण घट्ट लावून डबा तिच्या हातात द्यायचा. रंग चढतो की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं, तिला खुळखुळाट हवा असतो. वर्तमानपत्रावर वाळवून झाले की या वाटीतून त्या वाटीत ओतणं सुरू. मी शेजारून हलत नाही. तांदळाचा दाणा नाकात जायला वेळ लागत नाही. दुधाचा खेळ त्यामानाने लवकर आटपतो. ताटलीत दूध, त्यावर रंगाचे थेंब, मध्ये भांडी घासायच्या साबणाचं बोट. साबणाने पृष्ठताण मोडतो आणि रंग काठाकडे धावतात. "पळाला!" ती ओरडते. ताटली मात्र मी लगेच उचलतो, साबणाचं दूध चाटायचं नसतं.

शेवटी ती सगळ्या वाट्या एकात ओतते आणि शेणकट तपकिरी पाणी करते. कारखान्यात असला लॉट मी उभ्या उभ्या परत पाठवला असता. तिला मात्र त्यापुढे लाल-निळं फिकं वाटतं, आणि मी आता आधीपासूनच मोठी वाटी ठेवतो.

ही बालवाडीत शिकवायची. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, पानं, शंख-शिंपल्यांवर मुलांना शिकवलं, त्यांना कुठे लागल्या डब्या, हा तिचा सवाल. मुद्दा बिनतोड. तिने हळद कालवून दिली, बिटाचं पाणी दिलं. नात खूश, आणि पांढरा सुती फ्रॉक पिवळा.

इथे माझी रसायनं कामाला आली. खायचे रंग बहुतेक आम्लधर्मी. लोकर, रेशीम आणि आपली कातडी यांना ते चिकटतात, सुताला फारसे धरत नाहीत. प्रयोगशाळेत खाण्यातला कृत्रिम रंग ओळखायला पांढऱ्या लोकरीचा धागा वापरतात तो म्हणूनच. आमच्या नातीची बोटं दिवसभर लाल राहतात, फ्रॉक धुतला की साफ. हळदीचं नेमकं उलट, ती सुतात मुरते. हिने डागावर साबण चोळला तर तो लालभडक झाला. "बघा, तुमच्या डबीतला रंग लागलाय!" अल्कली लागली की हळद लाल होते, मी सांगितलं, पटलं नाही. उन्हात हा डाग उडतो. पण जुलै महिना, आमची गॅलरी पश्चिमेला आणि समोर नवा टॉवर. फ्रॉक दोरीवरच आहे, आणि ऊन पडेपर्यंत हळदीला बंदी.